पाटी इटालियन, चूल अल्बेनियन

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील आर्थर अव्हेन्यू हा रस्ता तिथली खरी ‘लिटल इटली’ म्हणून ओळखला जातो. चीजची दुकाने, बेकऱ्या आणि पास्ता-पिझ्झाच्या छोट्या खाणावळी. पाटीवरचे नाव इटालियन, भिंतीवरची चित्रेही इटलीची. मात्र यातल्या अनेक ठिकाणी गल्ल्यावरचा मालक आत हाक मारतो ती अल्बेनियन भाषेत.

यामागे इतिहास आहे. अल्बेनिया आणि इटली यांच्यामध्ये समुद्राची पट्टी एका ठिकाणी जेमतेम 72 किलोमीटर रुंद. साम्यवादी राजवटीत बाहेरचे जग बंद असताना लोक चोरून इटालियन टीव्ही पाहत आणि भाषा शिकत. राजवट कोसळल्यावर ऑगस्ट 1991 मध्ये ‘व्लोरा’ नावाचे एकच जहाज सुमारे 20 हजार माणसे घेऊन इटलीच्या बारी बंदराला लागले. बहुतेकांना परत पाठवण्यात आले. न्यूयॉर्कला अल्बेनिया, कोसोवो आणि माँटेनेग्रोतून माणसे त्याआधीपासून येतच होती. इटालियन हॉटेलांत भांडी घासण्यापासून अनेकांनी सुरुवात केली, पुढे भट्टी सांभाळली. जुने मालक थकले, त्यांची मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली, तेव्हा काही दुकाने या कामगारांनीच विकत घेतली. पाटी मात्र तशीच ठेवली, कारण गिऱ्हाईक पिझ्झा मागायला येत होते.

मालकाची स्वतःची चव काउंटरच्या काचेआड दिसते. तिथे पिझ्झाशेजारी ‘ब्यूरेक’ असतो. कागदासारख्या पातळ लाटलेल्या पोळ्या एकावर एक रचायच्या, मध्ये खिमा, पालक किंवा चीज भरायचे आणि ताटभर भाजून तुकडे कापायचे. सोबतीला दही. काही ठिकाणी ‘तावं कोसी’ही मिळते. भाजलेले मटण आणि थोडा तांदूळ, त्यावर दही-अंड्याचे मिश्रण ओतून पुन्हा भट्टीत. एल्बासान शहराची ही खासियत. गोड म्हणून दुधात भिजलेला ‘त्रिलेचे’ केक, वर कॅरमेलचा थर. घरच्या माणसांनी चालवलेल्या अशा दुकानात मालक स्वतः टेबलाशी येऊन जेवण कसे झाले विचारतो. पाहुण्यासमोर भाकरी, मीठ आणि मन ठेवावे, अशी अल्बेनियन रीत आहे. आपल्याकडच्या मीठभाकरीची आठवण यावी अशीच.

रमजानमध्ये या जेवणाला आणखी एक अर्थ येतो. अल्बेनियात मुस्लिम, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक शेजारी राहत आले. मदर तेरेसा याच समाजातल्या, कॅथलिक घरातल्या. पण 1967 मध्ये एन्व्हर होजाच्या सरकारने सर्व धर्मांवर बंदी घातली. मशिदी आणि चर्च बंद झाले, कित्येक पाडले गेले. उपासाच्या दिवसांत शाळेत, कामावर मुद्दाम खायला दिले जाई. नाकारणारा सापडला की त्याची चारचौघांत निर्भर्त्सना होई. रमजानचे रोजे असोत वा ईस्टरपूर्वीचे ख्रिस्ती उपास, संशय दोघांवरही सारखाच. ही बंदी 1990 मध्ये उठली. आज तिराना शहरात सहरीसाठी उठवायला ढोलवाले रस्त्यांवरून फिरतात. आपल्याकडच्या गल्ल्यांतून सहरीची हाक देत फिरणारे फकीर ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा आवाज परका वाटणार नाही.

म्हणून खाणावळीतल्या साध्या गोष्टी साध्या राहत नाहीत. रोजा ठेवून भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला सॉसचे मीठ अंदाजाने टाकावे लागते. ते किती पडले, हे रमजानमध्ये घराघरांत विचारले जाते, तसेच तो दुसऱ्याला विचारतो. त्याच भट्टीवर दुसऱ्या धर्माचा सहकारी असू शकतो. गिऱ्हाइकाला हवा तो पिझ्झा मिळतो, मालकाने काय खावे हा त्याचा प्रश्न. एकाने जेवायचे आणि दुसऱ्याने उपास करायचा, दोन्ही उघडपणे. एका पिढीला हे आपल्या देशात करता आले नव्हते.

आता त्याच परिसरात थेट अल्बेनियन नावाची हॉटेलेही उघडली आहेत. जुन्या पाट्यांची दुकाने आहेत तशीच चालू आहेत, आणि ब्यूरेक मागायला आता अल्बेनियन नसलेली माणसेही येतात.