घटक अळीचा, पुस्तक शेताचं

धामणगाव रेल्वेच्या आसपास पऱ्हाटी आहे, आणि पऱ्हाटी आहे तिथं गुलाबी बोंडअळी आहेच. २०१७च्या हंगामात तिनं विदर्भाचा कापूस पोखरला. 'कीटकाचं जीवनचक्र' शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

नियोजनात आधी पाहावं ते पीक, वेळापत्रक नंतर. जूनमध्ये पेरलेल्या कपाशीला ऑगस्टमध्ये पात्या-फुलं येतात. घटक तेव्हाच घ्यावा. बालभारतीतून अंडी, अळी, कोष, पतंग या अवस्था घ्याव्यात. निरीक्षणं कशी नोंदवायची, यासाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'हलके-फुलके विज्ञान' मालिका चाळावी. ती खालच्या वर्गांसाठी असली तरी पद्धत उपयोगी आहे. पुढचं शेतात. पाकळ्या न उमलता चिकटून राहिलेली डोमकळी मुलांना शोधू द्यावी, उघडली की आत बहुधा अळी सापडते. कामगंध सापळ्यात नर पतंगच का अडकतात, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. मादीचा गंध, रसायन, प्रजनन सगळं त्यातून निघतं. आठवडाभर पतंग मोजले, की आलेख गणिताच्या तासाला तयार. व्हिडिओ सगळ्यात शेवटी दाखवावा; आधी दाखवला तर शेत फिकं वाटतं.

फवारणी झालेल्या शेतात मात्र मुलांना नेऊ नका. शेतमालकाला आदल्या दिवशी विचारा.