बुबुळावरची बुरशी

ऊसतोडीचा हंगाम भरात आला, म्हणजे ऊसपट्ट्यातील नेत्ररुग्णालयांत बुबुळाला इजा झालेले मजूर येऊ लागतात, आणि त्यांपैकी कोणाच्या डोळ्यात जीवाणू आहेत, कोणाच्या डोळ्यात बुरशी आहे आणि कोणाच्या डोळ्यात त्याहून निराळेच काही आहे, याचा निवाडा ज्या खोलीत होतो, ती खोली बहुधा इमारतीच्या मागील अंगास, रुग्णांच्या नजरेआड असते. अशा एका खोलीतील काम मला सावकाशीने पाहावयास मिळाले, आणि या दुखण्यात औषधाच्या बाटलीआधी काचपट्टीचा मान आहे, ही गोष्ट तेथे माझ्या मनात पक्की ठसली.

उसाच्या पात्याची धारदार कड किंवा भाताचे कुसळ बुबुळावर घासून गेले, की वरचा पातळ पापुद्रा खरचटतो, आणि एरवी मातीत व कुजणाऱ्या पाचटावर निर्वेध जगणारी फ्युझेरियम अथवा अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पारदर्शक पटलात शिरून आपले तंतू पसरू लागते. हे दुखणे शेतीइतकेच सार्वत्रिक आहे. थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने १८७९ मध्ये त्याचे जे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, त्यातील रुग्णही ओट धान्याची मळणी करताना भूस डोळ्यात उडालेला एक शेतकरीच होता.

मी पाहिली ती रुग्ण बीडकडची, तोडणीच्या टोळीतली, मध्यम वयाची बाई होती. पाते लागून आठवडा लोटला होता. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळे कोयता खाली ठेवण्याची सोय नव्हती, आणि लाली उतरावी म्हणून दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब ती डोळ्यात घालीत होती. हे थेंब मोठे फसवे असतात. त्यांनी लाली व ठणका काही काळ ओसरतो, परंतु शरीराचा प्रतिकार मंदावल्यामुळे बुरशीला मोकळे रान मिळते. बुबुळावर करड्या रंगाचा, किंचित उंचावलेला, कोरडा व्रण होता, त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या होत्या आणि बुबुळामागे तळाशी पुवाची पातळ रेघ साचली होती.

“दिसंल का वो बाई मला?” तिने विचारले.

“मावशी, आधी रोग कोणता ते पाहू. समोर बघा, अजिबात हलू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बधिरतेचे थेंब घालून, पापण्या चापाने उघड्या ठेवून आणि स्लिट लॅम्पच्या प्रकाशझोतात डोळा स्थिर धरवून त्यांनी बारीक पात्याने व्रण खरवडण्यास आरंभ केला. मध्यभागी बहुधा मृत पेशी व चिकट स्राव असतो, म्हणून खरवड कडांवरून व तळातून घ्यावी लागते, आणि पाते किंचित अधिक दाबले गेले तर अगोदरच विरघळत चाललेले पटल फुटण्याचे भय असते. नुसत्या दृष्टीस जेमतेम दिसेल एवढासा तो ऐवज दोन काचपट्ट्यांवर आणि आगराच्या बशांवर वाटला गेला. बशीवर तो इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या रेघांनी ओढतात, कारण पुढे जी वाढ रेघेवर होईल ती डोळ्यातली, आणि रेघेबाहेर होईल ती हवेतून पडलेली, हे त्यावरून निःसंशय ठरविता येते. या खरवडण्याचा आणखी एक लाभ असा, की वरचा पापुद्रा निघाल्याने औषधाला आत शिरण्यास वाट मिळते.

एका पट्टीवर तंत्रज्ञाने पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवली. या क्षाराने पेशींचा गाळ विरघळून पारदर्शक होतो आणि बुरशीची चिवट भित्तिका मात्र शाबूत राहते. काही मिनिटांनी त्याने पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, प्रकाश मुद्दाम कमी केला, आणि एका कोपऱ्यापासून ओळीओळीने ती पाहण्यास प्रारंभ केला. कापसाचा धागाही येथे तंतूसारखा दिसतो. परंतु त्याची जाडी अनियमित असते, त्याला आडवे पडदे नसतात आणि फाटेही फुटत नाहीत. क्वचित दुहेरी भिंतीचे अ‍ॅकँथअमीबाचे कोश नजरेस पडतात. हा माती व विहिरीच्या पाण्यातला परजीवी, आणि त्यावर बुरशीचे औषध पुरे पडत नाही. दुसऱ्या पट्टीवर ग्रॅमची रंगप्रक्रिया होऊन जीवाणूंचा शोध चालतो. त्याने मला भिंगापाशी बोलाविले तेव्हा, पडद्यांनी विभागलेले, काटकोनाजवळच्या कोनांत फाटे फुटलेले चकचकीत तंतू क्षेत्रभर पसरलेले होते.

दप्तरात नोंद झाली आणि त्याच तासात नॅटामायसिनचे पांढरे, दाट थेंब सुरू झाले. हे औषध दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५५ च्या सुमारास मिळाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत, विशेषतः फ्युझेरियमवर, ते नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरले.

इतक्या अल्प साहित्यात होणारी ही परीक्षा तालुक्याच्या दवाखान्यात का होऊ नये, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. क्षयाच्या थुंकीसाठी सूक्ष्मदर्शक तेथे असतो. खरवड घेणारा शिकलेला हात आणि स्लिट लॅम्प मात्र द्यावा लागेल. आणि त्याही आधीचा उपाय नेपाळातील भक्तपूरने दाखविला आहे. तेथे गावातल्या कार्यकर्त्यांनी ४४२ खरचटलेल्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस घातले. शेकडा ९६ डोळे संसर्गाविना बरे झाले, आणि १८ तासांच्या आत मलम मिळालेल्यांपैकी एकासही व्रण झाला नाही. तोडणीच्या प्रत्येक टोळीत अशी एक नळी व ती वापरण्यास शिकलेले एक माणूस ठेवणे कारखान्यांस जड जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी बशीतील रेघांवर पांढरी, लोकरी वाढ दिसली आणि पुढे ती फ्युझेरियमच ठरली. व्रणाच्या विस्कटलेल्या कडा तोवर बोथट होऊ लागल्या होत्या. दर तासाचे थेंब मात्र रात्रंदिवस चालूच ठेवण्याचा हुकूम होता, आणि टोळी पुढच्या फडाकडे निघून गेली तरी बाई रुग्णालयातच राहिली.