लोकल थांबली, ताण थांबला नाही

देहूरोड आणि घोरावाडी यांच्या मधले बेगडेवाडी हे पुणे–लोणावळा मार्गावरचे छोटेसे स्थानक. मावळातल्या कितीतरी घरांचे रोजचे गणित याच लोकलवर बसलेले असते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या कारखान्यांत जाणारे कामगार, पुण्याच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली, भाजी-दूध घेऊन शहराकडे जाणारे विक्रेते, धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बायका अशी सारी ये-जा याच गाडीने होते. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूपासून ती थांबली. पुढे अनेक महिन्यांनी सुरू झाली, तीही आधी केवळ अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. दरम्यान ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि मावळातली घरांची छपरे, फुलांची पॉलिहाऊस मोडून गेले. लोणावळ्यात पर्यटकच नाहीत, म्हणून चिक्कीच्या दुकानांपासून हॉटेलांतल्या कामगारांपर्यंत सगळ्यांचेच उत्पन्न आटले.

संकट सगळ्यांवर एकच होते. पण एकाच घरातल्या नवऱ्याच्या आणि बायकोच्या मनावर त्याचा परिणाम सारखा झाला नाही. कोणाला जास्त सोसावे लागले, या प्रश्नाचे उत्तर जगभरच्या अभ्यासांत सापडते, पण ते वाटते तितके सरळ नाही.

आकडे काय सांगतात?

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्टोबर २०२१ मध्ये २०४ देश-प्रदेशांचा अंदाज मांडणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. महामारीमुळे २०२० या एका वर्षात जगात तीव्र नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६२ लाख जादा रुग्ण वाढले, असा त्याचा निष्कर्ष होता. नैराश्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये २९.८ टक्क्यांनी वाढले, तर पुरुषांमध्ये २४ टक्क्यांनी. चिंताविकारातली वाढ स्त्रियांमध्ये २७.९ आणि पुरुषांमध्ये २१.७ टक्के होती. मुळात महामारीपूर्वीही हे दोन्ही आजार स्त्रियांमध्येच जास्त आढळत. म्हणजे असलेली दरी कोरोनाने आणखी रुंद केली. तरुणांना वयस्करांपेक्षा जास्त झळ बसली, हेही या अभ्यासात दिसले.

आता दुसरा आकडा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार भारतात २०१९ मध्ये १,३९,१२३ जणांनी आत्महत्या केली. २०२० मध्ये ही संख्या १,५३,०५२ झाली आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. २०२० मधल्या मृतांत १,०८,५३२ पुरुष होते आणि ४४,४९८ स्त्रिया. दहातले सात पुरुष. आदल्या वर्षाच्या तुलनेत पुरुषांच्या आत्महत्या सुमारे ११ टक्क्यांनी वाढल्या, स्त्रियांच्या सुमारे ७ टक्क्यांनी. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र दोन्ही वर्षी पहिला होता. २०२० मध्ये येथे १९,९०९ नोंदी झाल्या, २०२१ मध्ये २२,२०७.

नैराश्य स्त्रियांमध्ये जास्त आणि आत्महत्येने मृत्यू पुरुषांचे जास्त, हा विरोधाभास बहुतेक देशांत दिसतो. पण तो निसर्गनियम नव्हे. जपानमध्ये २०२० साली पुरुषांच्या आत्महत्या किंचित कमी झाल्या आणि स्त्रियांच्या मात्र सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे शरीरातल्या संप्रेरकांचा काही वाटा असला, तरी कोणाचे काम सुटते, घर कोण सांभाळते आणि मन मोकळे करायची मुभा कोणाला असते, यावरही पुष्कळ काही ठरते.

बाईची सुट्टी कधीच नव्हती

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, म्हणजे जवळपास पाच तास. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ होता ९७ मिनिटे, आणि मुळात असे पुरुष चारांत एकच होते. ही स्थिती महामारीच्या आदल्या वर्षीची. मग शाळा बंद झाल्या, कारखाने बंद झाले, सगळे घरात आले. चहाच्या फेऱ्या, स्वयंपाक, धुणे, म्हाताऱ्यांची औषधे, मुलांचा एकाच मोबाइलवरचा अभ्यास, शिवाय बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन-पुसून घेणे, हे सगळे त्या पाच तासांच्या वर आले.

पुरुषांनी काहीच केले नाही, असेही नाही. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांच्या अभ्यासात एप्रिल २०२० मध्ये, कडक टाळेबंदीच्या काळात, पुरुष घरकामाला जास्त वेळ देऊ लागल्याचे दिसले. ऑगस्टपर्यंत तो वेळ पुन्हा घटला होता. सवय लागायला सुरुवात झाली होती, ती टिकली नाही.

रोजगाराचे चित्र अधिक बोलके आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालानुसार टाळेबंदीत आणि नंतरच्या महिन्यांत कामावर टिकून राहिलेल्या पुरुषांचे प्रमाण ६१ टक्के होते, स्त्रियांचे केवळ १९ टक्के. काम गेले आणि वर्षअखेरपर्यंत परत मिळालेच नाही, असे पुरुष ७ टक्के होते, स्त्रिया ४७ टक्के. ज्या बाईच्या हातात दरमहा स्वतःचे चार पैसे येत होते, तिचा केवळ पगार गेला नाही. रोज घराबाहेर पडणे गेले, डब्यातल्या मैत्रिणी गेल्या, घरात दोन शब्द बोलण्याचा अधिकारही थोडा कमी झाला. मानसिक आरोग्याच्या भाषेत यालाच ‘आधाराचे जाळे तुटणे’ म्हणतात.

निर्बंध जितके कडक, तितका हा ताण वाढला, असे भारतातल्या स्त्रियांशी फोनवर बोलून केलेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात दिसले. नताली बाऊ आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे निर्बंध नव्हते त्या भागांशी तुलना करता सरासरी निर्बंध असलेल्या भागांत ‘उदासी वाढली’ असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्क्यांनी आणि ‘थकवा वाढला’ असे सांगणाऱ्यांचे ७३ टक्क्यांनी जास्त होते. ज्यांना मुली आहेत आणि ज्यांच्या घरात बाईच कर्ती आहे, त्यांची मनःस्थिती अधिक ढासळली होती. निर्बंध नकोच होते, असा याचा अर्थ नाही. त्यांची किंमत घरातल्या कोणी मोजली, एवढेच यातून कळते.

काही घरांत ती किंमत मारहाणीची होती. त्रास देणाऱ्याबरोबरच कोंडून राहायचे आणि माहेरी जायला एसटीही नाही, अशी अवस्था. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० ला व्हॉट्सअॅपवर तक्रारी घेणे सुरू केले. त्या वर्षी आयोगाकडे २३,७२२ तक्रारी आल्या, सहा वर्षांतल्या सर्वाधिक. तरीही या तक्रारी फक्त आयोगापर्यंत पोहोचू शकलेल्या स्त्रियांच्या. संयुक्त राष्ट्रांनी या हिंसेला ‘सावलीतली महामारी’ म्हटले, ते उगाच नाही.

कमावता हात रिकामा

पुरुषांच्या वाट्याला आलेला ताण वेगळा होता. ‘घर चालवतो तो पुरुष’ ही शिकवण लहानपणापासून मिळते. कंत्राटी कामगाराचे काम एका फोनवर गेले, की त्याच्या लेखी त्याची ओळखच गेलेली असते. आत्महत्या केलेल्यांमध्ये रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा आहे. २०२० मध्ये ते ३७,६६६ होते, २०२१ मध्ये ४२,००४. दर चार आत्महत्यांमागे एक. प्रत्येक मृत्यूमागे कारणे अनेक असतात, एकट्या बेकारीवर बोट ठेवता येत नाही. पण कर्ज, हप्ते, भाडे आणि ‘लोक काय म्हणतील’ यांचे ओझे एकट्याने वाहायचे, ही सवय घातक ठरते.

दारूचा प्रश्नही पुरुषांमध्येच जास्त. मार्चच्या अखेरीस दुकाने अचानक बंद झाली, तेव्हा व्यसन जडलेल्यांना हात थरथरणे, घाम, झोप उडणे, भ्रम होणे, फिट येणे असे त्रास सुरू झाले. दारू एकदम तुटल्याने होणारा हा त्रास जिवावर बेतू शकतो आणि त्याला दवाखान्यातच उपचार लागतात. अनेक घरांत मात्र त्याला ‘नाटक’ म्हटले गेले. मेच्या पहिल्या आठवड्यात दुकाने उघडली आणि रांगा लागल्या. रेशनचे पैसे कोणत्या रांगेत गेले, ते घरातल्या बाईला वेगळे सांगावे लागले नाही. दोघांचा ताण असा एकमेकांत गुंतलेला असतो.

प्रश्न विचारण्याची पद्धत

उदासी, रडू येणे, काळजी, झोप न लागणे याविषयीच्या प्रश्नांना स्त्रिया तुलनेने मोकळी उत्तरे देतात. पुरुषांचे नैराश्य अनेकदा चिडचिड, भांडणे, वेगाने गाडी चालवणे, दारू, जुगार या रूपांत बाहेर पडते. प्रश्नावलीत त्याची नोंद होत नाही. निम्हान्स या संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, व्यसने धरून, मानसिक विकारांचे एकूण प्रमाण पुरुषांमध्ये १३.९ टक्के आणि स्त्रियांमध्ये ७.५ टक्के होते. नैराश्य आणि चिंता मात्र स्त्रियांमध्येच जास्त होती. काय मोजतो, यावर उत्तर बदलते.

उलट बाजूही आहे. स्त्रियांचे दुखणे अंगावर येते. डोके दुखते, कंबर धरते, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात जातात आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन परत येतात. मूळ दुखणे तसेच राहते. २०२० मध्ये आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, २२,३७२, गृहिणी होत्या. ‘घरीच असते, तिला कसला ताण?’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

लाट ओसरली, ओझे राहिले

कोरोनाने मरण पावलेल्यांत पुरुषांची संख्या जास्त होती. त्यामुळे मागे राहिलेल्यांत तरुण विधवा मोठ्या संख्येने होत्या. दुःख करायलाही सवड न मिळता दवाखान्याचे बिल, सासरच्या जमिनीतला हक्क, मुलांची फी हे सारे अंगावर आले. महाराष्ट्रात ‘कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती’ने हा प्रश्न लावून धरला आणि राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. कागदपत्रे, पेन्शन, रेशन मिळवून देणे हेही मानसिक आरोग्याचेच काम आहे.

आशा सेविकांचाही विचार इथे करायला हवा. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या या बायका स्वतः संसर्गाच्या भीतीत होत्या, कुठे कुठे लोकांच्या रोषालाही सामोऱ्या गेल्या. जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला. ज्यांनी गावाची विचारपूस केली, त्यांची विचारपूस कोणी करायची, हा प्रश्न पुढच्या साथीआधी सोडवावा लागेल.

काय करता येईल?

तपासणीची सुरुवात दोन साध्या प्रश्नांनी होऊ शकते. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटले का? नेहमी आवडणाऱ्या गोष्टींतले मन उडाले का? यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे डॉक्टरांशी बोलणे गरजेचे आहे. झोप आणि भूक बिघडणे, कारण नसताना सतत दुखणे, वाढलेली दारू, अचानक गप्प होणे, ‘मी ओझे झालोय’ अशी भाषा ही लक्षणे घरच्यांनी हलक्यात घेऊ नयेत. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. अशा माणसाला एकटे सोडू नये.

बाईला विचारायचे असेल, तर सासू-नवऱ्यासमोर विचारून उपयोग नाही. तिला एकटीला गाठावे लागते. आशा सेविका आणि बचत गटाची बैठक त्यासाठी योग्य. पुरुषाला ‘मन कसे आहे’ असे विचारले, तर तो बहुधा ‘मस्त’ म्हणून मोकळा होतो. झोप लागते का, कामाचे काय चालले आहे, हप्त्यांचे कसे, असे विचारले तर तो बोलतो. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत रक्तदाबाबरोबर झोपेचा आणि दारूचा प्रश्न आला, तरी पुष्कळ काम होईल. घरकामाची वाटणी हाही औषधाचाच भाग आहे. बाईच्या रोजच्या पाच तासांतला एक तास कमी झाला, तर तिला विश्रांती मिळते.

मदत कुठे मिळेल?

‘टेलिमानस’ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर महिला मदत क्रमांक १८१, आणि तातडीच्या धोक्यात ११२. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेतून सल्ला आणि औषधे मिळतात. कोणाकडे जायचे, हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारता येते. पुण्यात येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाह्यरुग्ण म्हणून जाता येते, दाखल व्हावेच लागते असे नाही.

मावळातली लोकल पुन्हा भरून धावते आहे. त्या दोन वर्षांतली झोप मात्र अजून परत आलेली नाही, अशी माणसे तिच्या डब्यांत आहेत, आणि पूर्वी या गाडीने कामाला जाणाऱ्या पण नंतर घरीच राहिलेल्या बायकाही मावळात आहेत. त्यांना विचारायला पुढच्या साथीची वाट पाहायची गरज नाही.