कामतघरचा उन्हाळा आणि थंडाव्याचा हिशेब

फाल्गुन सरला कीं कामतघरांत गच्चीखालच्या खोल्यांना भट्टीची कळा येते. वऱ्हाळा तलाव जवळ असला तरी दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खालीं सोडीत राहतो, आणि घरांतील वृद्धांचा डोळ्याला डोळा लागत नाहीं. मग घरधनी दुकानांत जाऊन विचारतो, "दीड टनाचें यंत्र केवढ्याला?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे.

दीड टन हें यंत्राचें वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलींतून बाहेर फेकण्याची शक्ति म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांच्या काळांतलें हें माप अजून टिकून आहे.

येथें कोणी म्हणेल, नागपुराकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर थोडक्या पैशांत खोली गार करतो, मग भिवंडीस कां नको? पाण्याची वाफ होतांना तें हवेंतील उष्णता घेतें, हें कूलरचें सारें रहस्य. आणि त्यासाठीं हवा कोरडी लागते. समुद्र जवळ असल्यामुळें येथील वैशाखांतली हवा आधींच ओलसर. तींत कूलर लावला कीं खोली दमट होते आणि घाम वाळत नाहीं. वातानुकूल यंत्र उलट हवेंतलें पाणी काढून घेतें. नळीवाटे बाहेर ठिबकतें तें तेंच. गंमत अशी कीं 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्यें स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्यानें कापडगिरण्यांच्या संदर्भांत योजिला, आणि तेथें हेतु हवेंत ओलावा घालण्याचा होता, सूत तुटूं नये म्हणून! यंत्रमागांच्या गांवाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं.

आतां खर्च. दीड टनाचें साधारण यंत्र पस्तीस ते पंचेचाळीस हजारांत येतें. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. या किंमतींत बसवणावळ, जादा लागणारी तांब्याची नळी, बाहेरच्या भागाचा लोखंडी कंस आणि जुन्या इमारतींत स्वतंत्र वायरिंग हीं मिळवावीं लागतात. वायरिंगमध्यें काटकसर करूं नये. जुनी बारीक तार तापते आणि आग लागते.

मोठा खर्च मात्र बिलांतून येतो. भिवंडींत २००७ पासून महावितरणच्या वतीनें टोरंट पॉवर वीज पुरविते. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवितो, आणि ते वापराच्या टप्प्यांनीं चढतात. यंत्राचीं युनिटें घरच्या नेहमींच्या वापरावर चढत असल्यामुळें तीं नेमकीं महाग टप्प्यांत पडतात.

यंत्रावरील ताऱ्यांच्या चिठ्ठीवर वर्षाच्या १६०० तासांचा वीजवापर छापलेला असतो. तीन तारे असतील तर तो सुमारें हजार युनिट, पांच असतील तर साडेसातशें. महाग टप्प्यांत युनिटला १२ रुपये धरले तर फरक वर्षाला तीन हजारांचा. पंचतारांकित यंत्रास नऊ हजार जास्त मोजले असतील, तर ते तीन वर्षांत वसूल होतात. परंतु दोन महिने, रोज रात्रीं सहाच तास यंत्र लावणाऱ्या घरीं हे तास ३६० च भरतात. तेथें बचत वर्षाला पावणेसातशें, आणि वसुलीस तेरा वर्षें! तोंवर यंत्रच मोडीत निघेल. अशा घरानें दुकानदाराच्या आग्रहास बळी पडूं नये.

जुनें यंत्र बदलावें कीं दुरुस्त करावें? सांध्यांतून गॅस गळत असेल तर दुरुस्ती बरी. पण यंत्र दहा वर्षें जुनें, त्यांत आर-२२ गॅस, आणि काँप्रेसर गेलेला, असें असेल तर पैसे घालूं नयेत. १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें तो गॅस बंद होत चालला आहे. नव्या आर-३२ गॅसचा दाब अधिक असतो. म्हणून जुन्या नळ्या तशाच ठेवण्यास कारागिरास संमति देऊं नये.

आणि वरच्या मजल्यावरील कुटुंबानें दुकानांत जाण्यापूर्वीं एकदां गच्चीवर जावें. स्लॅबवर चुन्याचा किंवा ऊन परतविणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात चैत्रापूर्वींच दिला, तर तिला लागणारें ऊन बरेंचसें परत जातें, आणि दीड टनाच्या जागीं कदाचित् एक टनच पुरतो. सोसायटीची परवानगी मात्र आधीं लेखी घ्यावी.