नीतीच्या यादीतील सहावे कलम

गेल्या महिन्यात आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक ठराव मांडण्यात आला. मोबाईलवर आणि पडद्यावर जो उघडावाघडा बाजार चालतो, त्याविरुद्ध वस्तीने आवाज उठवावा, असा त्याचा आशय होता. त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. बाईला बाजारातील वस्तू करणारा सिनेमा आपल्या मुलांनी पाहावा, असे कोणत्या आईबापाला वाटेल? परंतु ठरावाचे शेवटचे वाक्य ऐकून मी थबकलो. घरच्यांच्या संमतीशिवाय लग्न करण्यास उत्तेजन देणाऱ्या चित्रपटांवर बंदी घालावी, असे ते वाक्य होते. ठराव मांडणारा तरुण शिकलेला, वाचणारा. त्याने अमेरिकेचा दाखला दिला. तेथील ख्रिस्ती धर्मगुरूंनी एकेकाळी हॉलिवूडला वेसण घातली होती, मग आपण का घालू नये?

दाखला खोटा नाही. म्हणूनच तो अर्धा सांगून चालणार नाही.

१९३० साली अमेरिकन चित्रपट व्यवसायाने स्वतःसाठी एक नीतिसंहिता स्वीकारली. ती लिहिणाऱ्यांत डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरू आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक प्रमुख होते. व्यवसायाच्या संघटनेचे अध्यक्ष विल हेज हे प्रेस्बिटेरियन चर्चचे कार्यकर्ते, त्यामुळे ही संहिता हेज यांच्या नावानेच ओळखली जाते. पहिली चार वर्षे ती कागदावरच राहिली. १९३४ मध्ये कॅथलिक बिशपांच्या 'लीजन ऑफ डीसेन्सी' या संघटनेने चर्चमधून लाखो लोकांकडून अनीतिमान चित्रपट न पाहण्याची शपथ घेववली. फिलाडेल्फियाच्या कार्डिनलांनी तर सर्वच चित्रपटगृहांवर बहिष्कार घालण्याचे फर्मान काढले. तिकीटबारीवर गदा येताच निर्माते शुद्धीवर आले. जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाच्या कार्यालयाचा शिक्का नसेल तर चित्रपट बाहेर येणार नाही आणि आणलाच तर पंचवीस हजार डॉलर दंड, अशी व्यवस्था झाली.

या लोकांना सरसकट ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. बलात्कार, व्यभिचार यांचा तमाशा मांडून पैसे कमावणाऱ्यांबद्दल त्यांना खरीच चीड होती. पण वकिलाची सवय म्हणून मी कोणताही दस्तऐवज कलमवार वाचतो. लैंगिक संबंधांच्या यादीत सहावे कलम होते: गोऱ्या आणि काळ्या वंशांतील लैंगिक संबंध दाखविण्यास मनाई. पाचवे कलम वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या स्त्रियांच्या व्यापाराबद्दल, सातवे गुप्तरोगांबद्दल. काळ्या-गोऱ्यांचे प्रेम या दोहोंच्या मधोमध बसविलेले! हे कलम धर्मगुरूंनी नव्याने शोधलेले नव्हते. व्यवसायाच्या १९२७ च्या यादीतही ते होते. मात्र चर्चचे बळ ज्या संहितेमागे उभे राहिले, तिच्यात ते तसेच राहू दिले गेले.

आणि ते नुसते शोभेला नव्हते. १९३४ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ' या चित्रपटात एका काळ्या मोलकरणीची मुलगी इतकी उजळ आहे की ती गोरी म्हणून वावरू पाहते. काळ्या-गोऱ्यांचा कोणताही संबंध पडद्यावर दाखवलेला नव्हता. तरीही ब्रीन यांच्या कार्यालयाने हरकत घेतली. मुलीचा रंगच पूर्वी कधीतरी घडलेल्या संबंधाचा पुरावा ठरला! त्याच पटकथेत आणखी एक प्रसंग होता. गोऱ्या बाईने बोलावले असे समजून तिच्याजवळ गेलेल्या काळ्या तरुणाला जमाव फासावर चढवू पाहतो. त्यालाही हरकत घेण्यात आली. म्हणजे प्रेमही दाखवायचे नाही आणि प्रेमाच्या संशयावरून होणारी झुंडहत्याही दाखवायची नाही.

पण याच तरुणाचे दुसरे चित्र चालत होते. १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' पाहा. गोऱ्या मुलीच्या मागे लागलेला काळा माणूस, त्याच्या भीतीने कड्यावरून उडी घेणारी ती मुलगी आणि त्याला ठार मारणारी क्लू क्लक्स क्लान टोळी, असा तो 'पराक्रम'. शेवटी पडद्यावर येशू ख्रिस्ताचे दर्शन. ज्या कादंबरीवरून तो निघाला, तिचे लेखक थॉमस डिक्सन हे बाप्टिस्ट उपदेशक होते. हा चित्रपट मार्च १९१५ मध्ये न्यूयॉर्कला लागला, तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यांनी तो पाहिला असे मी म्हणत नाही. पण पुढच्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी तेथे जातींविषयीचा निबंध वाचला आणि जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, हे सिद्ध केले. जात टिकवायची तर स्त्रीच्या लग्नावर पहारा बसवावा लागतो. सतीप्रथा, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे त्याच पहाऱ्याचे प्रकार. ज्या अमेरिकेत हे मांडले गेले, तेथेही तोच पहारा चालू होता. फक्त मनुस्मृतीच्या जागी बायबल होते.

पण ख्रिस्ती धर्माच्या नावाने त्या देशात दोन्ही बाजू लढल्या आणि हे आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावे. कॅलिफोर्नियात काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. आंद्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस या कॅथलिक जोडप्याने तिला आव्हान दिले. आमचे चर्च आम्हाला लग्न नाकारत नाही, मग सरकार कोण नाकारणारे, असा त्यांच्या वकिलाचा युक्तिवाद होता. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. गंमत पाहा, हॉलिवूड त्याच राज्यात! नवरा-बायको म्हणून जे रस्त्याने उजळ माथ्याने चालू शकत होते, त्यांची गोष्ट पडद्यावर मात्र निषिद्ध होती. सहावे कलम निघाले ते १९५६ मध्ये.

टेक्सासमधील मार्शल या गावाने तर 'पिंकी' या चित्रपटालाच परवाना नाकारला. काळ्या नायिकेचे गोऱ्या डॉक्टरवर प्रेम, हे त्याचे कथानक. तिची भूमिका गोऱ्या नटीला दिली होती, तरी गावाच्या हिताला बाधा येत होती. तो दाखविणाऱ्या चित्रपटगृहचालकाला दोनशे डॉलर दंड झाला. १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

व्हर्जिनियातील लव्हिंग दाम्पत्याचा खटला अनेकांना माहीत आहे. परमेश्वराने वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, म्हणजे त्यांनी मिसळावे अशी त्याची इच्छा नव्हती, असे तेथील न्यायाधीशाने निकालपत्रात लिहिले. हे १९६५ साल होते. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा फेटाळला. तेव्हा काही कॅथलिक बिशप दाम्पत्याच्या बाजूने न्यायालयापुढे उभे होते. तर बॉब जोन्स या कट्टर ख्रिस्ती विद्यापीठाने काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रेमावरील बंदी २००० सालापर्यंत सोडली नाही. त्यासाठी १९८३ मध्ये करसवलत गमावली, पण नियम सोडला नाही.

हे सारे मी विहारात सांगितले. तिसऱ्या शीलात व्यभिचारापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आपण घेतो, त्यात जात विचारलेली नाही, हेही सांगितले. तरुणाला पटले. पण मागे बसलेल्या एका वयस्कर मावशी उठल्या. "वकीलसाहेब, तुमचं खरं. पण पोरं पिक्चर बघून प्रेम करत्यात अन् मार वस्तीला बसतो. खर्ड्याचं पोरगं आठवा."

सभा शांत झाली. २०१४ मध्ये खर्ड्याला सवर्ण मुलीशी प्रेमसंबंध असल्याच्या संशयावरून आपला सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. त्या मावशींना ठरावातले वाक्य मनूने शिकविलेले नव्हते. ते भीतीने शिकविलेले होते. मारणारे मोकळे राहतात, म्हणून आपण आपल्याच मुलांच्या पायात साखळी घालतो. अमेरिकेतील किती काळ्या आयांनी आपल्या मुलाला गोऱ्या मुलीकडे नजर वर करून पाहू नकोस म्हणून बजावले असेल! त्या आयांचा दोष कसा काढणार?

शेवटी ते वाक्य खोडले. त्याजागी दुसरी मागणी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात, अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याबाबत निर्देश दिले. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कोठे आहे, त्याचा दूरध्वनी कोणता, निवाऱ्यात किती खोल्या आहेत, याची लेखी माहिती जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडे मागायची. अर्जाचा मसुदा मी तेथेच लिहून दिला. एकेचाळीस सह्या झाल्या. मावशींनी अर्ज वाचून घेतला, पण सही केली नाही. आधी उत्तर येऊ द्या, म्हणाल्या.