क्रोशाचा हिशोब

लग्नघरी रुखवत मांडलं की त्यात क्रोशाचं काहीतरी असतंच. ताटाभोवतीची महिरप, दाराचं तोरण, समईखालचा गोल रुमाल, नाहीतर लोकरीची बाहुली. पाहणाऱ्यांच्या तोंडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "हल्ली हे सगळं मशीनवरचं तयार मिळतं." दुसरं, "बसल्या बसल्या होणारं काम, वेळ छान जातो." दोन्ही वाक्यं कौतुकाच्या सुरात येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. क्रोशाबद्दलचे बाकीचे बहुतेक गैरसमज याच दोन वाक्यांच्या पोटातून निघतात. क्रोशे हे मोजमापाचं आणि साहित्याची पारख मागणारं कसब आहे. त्याला विरंगुळा म्हणून बाजूला ठेवल्यामुळे करणारी चुकीचा धागा निवडते, आणि घेणारा चुकीची किंमत देतो.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. स्वेटर यंत्रावर होतो, मोजे होतात, बनियन होतं. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचं यंत्र तयार केलं, तेव्हापासून दोन सुयांचं विणकाम यंत्राच्या हाती गेलं. ते जाऊ शकलं, कारण त्या विणकामात एका ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. हाताऐवजी सुयांची एक रांग बसवली की ओळच्या ओळ एका झटक्यात विणता येते. क्रोशात जिवंत टाका सहसा एकच. तो पुरा झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. शिवाय पुढचा टाका कुठे घालायचा, हे आधी झालेल्या कापडावर अवलंबून असतं: कधी मागच्या ओळीतल्या साखळीत, कधी दोन खांबांमधल्या, म्हणजे उभ्या टाक्यांमधल्या, पोकळीत, कधी खांबाच्या अंगाला वेढा घालून. सुई कापडाच्या आरपार जाते, दोरा पकडते, वळते आणि डोळ्याला दिसलेल्या, बोटाला लागलेल्या नेमक्या भोकातून बाहेर येते. हे सगळं करून बाजारात माल पुरवणारं यंत्र आजही नाही. प्रयोगशाळांमध्ये प्रयत्न झाले आहेत आणि साध्या सपाट पट्ट्यांपर्यंत ते पोचलेही आहेत, पण महिरप किंवा बाहुली करणारं यंत्र कोणत्याही कारखान्यात चालत नाही.

यावर कोणी म्हणेल, लेस-इलॅस्टिकच्या कारखान्यांत 'क्रोशे मशीन' असतं ते काय? त्याचं नाव क्रोशे असलं तरी त्याचं काम वेगळं आहे. त्यात उभ्या धाग्यांच्या साखळ्या शेजारी शेजारी चालतात आणि आडवा धागा त्यांना नागमोडी जोडत जातो. अशी लेस हातात घेऊन निरखली तर लांबीभर धावणाऱ्या सरळ साखळ्या दिसतात. खऱ्या क्रोशातला खांब सुटा, आपल्या पायावर उभा असतो आणि त्याच्या अंगावर दोऱ्याचा वेढा दिसतो. म्हणजे मॉलमध्ये टांगलेला क्रोशाचा टॉप दोनांपैकी एकच असतो: नक्कल, किंवा कुठल्या तरी माणसाने टाका टाका घालून केलेला. दुसऱ्या प्रकारचा टॉप अतिशय स्वस्त मिळत असेल, तर त्या माणसाला काय मिळालं असेल हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

आता धाग्याकडे. मराठीत विणायच्या प्रत्येक फुगीर धाग्याला आपण 'लोकर' म्हणतो, आणि इथेच मोठा घोटाळा होतो. लोकर म्हणजे मेंढीचे केस. दुकानात लोकर म्हणून मिळणाऱ्या गुंड्याची चिठ्ठी वाचली तर बहुतेक वेळा त्यावर '१०० टक्के ॲक्रिलिक' असं असतं. ॲक्रिलिक हे खनिज तेलापासून बनलेलं प्लॅस्टिक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात ते बाजारात आलं आणि स्वस्ताईमुळे त्याने लोकरीची जागा घेतली. नाव तेच राहिलं, गुण बदलले. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक जेमतेम एक-दोन टक्के शोषतं, म्हणून त्याची टोपी घालून घाम आला की डोकं चिकचिकतं. लोकर सहजी पेट घेत नाही. ॲक्रिलिक वितळतं, पेटतं आणि वितळलेलं प्लॅस्टिक कातडीला चिकटतं. म्हणून गरम कढई उचलायची फडकी आणि तव्याखालची बैठक ॲक्रिलिकची करूच नये. त्यासाठी जाड सुती धागा घ्यावा आणि वीण दुहेरी, बिनभोकाची ठेवावी. समईखालचा रुमालही सुती असावा, आणि तोही ज्योतीपासून आणि ठिणगीपासून दूर राहील एवढाच. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर वीण कायमची चपटी आणि लुळी होते. उलट खरी लोकर गरम पाण्यात घुसळली तर तिच्या केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होतो.

मग ॲक्रिलिक वाईटच का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. ते रोज धुता येतं, त्याला कसर लागत नाही, रंग पक्का राहतो आणि शिकणाऱ्याला उसवून पुन्हा विणायला परवडतं. शाळेचा स्वेटर, सोफ्यावरचं पांघरूण, पिशवी यांसाठी ते योग्यच आहे. त्याची एक किंमत मात्र डोळ्याआड राहते. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं, तेव्हा सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात असं आढळलं. तेव्हा कुठल्या वस्तूला कोणता धागा, हे चिठ्ठी वाचून ठरवावं. 'बाळासाठी मऊ लोकर द्या' एवढं सांगून दुकानदारावर सोडू नये.

नंबरांचा गोंधळ त्या मानाने लवकर सुटतो. क्रोशाच्या सुती धाग्याचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक: १० नंबर जाड, ४० नंबर नाजूक. हे उलटं वाटतं, पण इचलकरंजी-मालेगावच्या मागवाल्यांना त्यात नवल नाही, कारण सुताचा काउंट असाच मोजतात. ठरावीक वजनात जितकी जास्त लांबी, तितका आकडा मोठा आणि सूत बारीक. लोकरीच्या गुंड्यावरचा 'चार पदरी' हा शब्दही जाडी सांगत नाही, किती पदर एकत्र पिळले आहेत एवढंच सांगतो. जाड पदराचा दोनपदरी धागा बारीक पदराच्या चारपदरीपेक्षा जाड असू शकतो. यूट्यूबवरून शिकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ब्रिटिश पद्धतीत ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात, त्यालाच अमेरिकन पद्धतीत 'सिंगल क्रोशे' म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत बहुधा ब्रिटिश शब्द असतात आणि व्हिडिओंत बहुधा अमेरिकन. दोन्ही एकत्र केले की नमुना बिघडतो आणि दोष हाताला दिला जातो.

मापाचा नमुना विणून पाहणं म्हणजे दोरा वाया घालवणं, हाही असाच समज. समजा पुस्तकात १० सेंटिमीटरमध्ये २० टाके सांगितले आहेत आणि बाळाच्या स्वेटरची छाती ५० सेंटिमीटर हवी आहे, म्हणून १०० टाके घातले. विणणारीचा हात किंचित घट्ट असेल आणि तिचे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, तर तेच १०० टाके साडेपंचेचाळीस सेंटिमीटरच भरतील. दर दहा सेंटिमीटरला दोन टाक्यांचा फरक, पण स्वेटर बाळाच्या अंगात जाणार नाही. तळहाताएवढा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजायला एक संध्याकाळ लागते, आणि तो विणकामाचाच भाग आहे.

गोल रुमालाचा प्रश्न मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण तिथे क्रोशे थेट भूमितीत शिरतं. रुमाल टेबलावर सपाट बसत नाही. कधी मधोमध खोलगट होऊन वाटीसारखा उभा राहतो, कधी कडेला झालरीसारखा लाटा खातो. सांगितलं जातं की सूतच खराब, किंवा इस्त्री केली की बसेल. सूत निर्दोष असतं, चुकलेला असतो तो वाढीचा हिशोब. प्रत्येक फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ त्या उंचीच्या सुमारे सव्वासहा पट वाढायला हवा. मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच, म्हणून त्याच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवले की कापड सपाट राहतं. उंच खांब रुंदीच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून तिथे बारा. हात सैल-घट्ट असल्याने एखाद्या टाक्याचा फरक पडतो, पण सूत्र तेच. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर. टोपी करणारी बाई पहिली गोष्ट मुद्दाम घडवून आणते: टाळूपुरती वाढ करते आणि नंतर वाढ थांबवते. बोहरा समाजातल्या बायका पांढऱ्या-सोनेरी टोप्या विणतात, त्या याच हिशोबावर उभ्या राहतात. झालरीची गोष्ट तर गणितज्ञांनाही उपयोगी पडली. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तैमिना यांनी १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन अतिवलयी (हायपरबोलिक) प्रतल, म्हणजे सगळीकडे झालरीसारखं पसरत जाणारं पृष्ठ, क्रोशाने विणलं. त्यापूर्वी या भूमितीची प्रतिरूपं कागदाची असत आणि हाताळताना फाटत. पुढे २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी त्याच तंत्राने क्रोशाची प्रवाळबेटं विणायला घेतली, कारण समुद्रातल्या प्रवाळांची झालर याच भूमितीची असते. जे काम गणिताच्या वर्गात शिकवायला घेतात, त्याला बिनडोक्याचं काम म्हणता येत नाही.

बाळासाठी हाताने केलेलं ते चांगलंच, या समजुतीमागे माया असते, म्हणून तिथे जास्त सावध बोलायला हवं. जन्मल्याबरोबर, आणि कमी वजनाच्या बाळाला, टोपी-मोज्यांची ऊब खरोखर लागते. कांगारू पद्धतीने छातीशी धरलेल्या बाळालाही टोपी घालतात. पण पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला घरात झोपवताना टोपी नको, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांमध्ये म्हटलं आहे, कारण बाळाचं अंग त्यामुळे जास्त तापू शकतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे अधिकच लागू. आजीने विणलेली कुंची बाहेर नेताना घालावी, झोपताना काढावी, बंद लांब ठेवू नयेत. मोठ्या जाळीच्या मोज्यात आतला सुटा दोरा चिमुकल्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, म्हणून आतली बाजू घट्ट आणि टोकं लपवलेली असावीत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला मणी किंवा बटणाचे डोळे लावू नयेत. काळ्या दोऱ्याने भरलेले डोळे तितकेच गोड दिसतात.

उरलं दुसरं वाक्य, वेळ घालवण्याचं. क्रोशे ही प्राचीन, पिढ्यान्‌पिढ्यांची घरगुती करमणूक आहे असं मानलं जातं. क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. छापील नमुन्यांचा सर्वांत जुना ठाऊक असलेला पुरावा 'पेनेलोपे' या डच मासिकातला, १८२३ चा. म्हणजे ही कला जेमतेम दोनशे वर्षांची आहे, आणि तिच्या वाढीत पोटाचा वाटा मोठा आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली आणि ती विकून अनेक घरं जगली. आपल्याकडे आंध्रात गोदावरीच्या मुखाशी असलेल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी लेसकाम आणलं, आणि तिथून लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात तिथली स्थिती मांडली: बायका रोज तासन्‌तास जागतिक बाजारासाठी राबत होत्या, पण त्यांना कामगार न म्हणता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी म्हटलं गेलं, म्हणून मजुरी अत्यल्प आणि नफा व्यापाऱ्यांचा. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

कोणी विचारेल, आवडीने करणाऱ्या बाईने प्रत्येक टाक्याचे पैसे का मोजावेत? नातवाच्या टोपीचे मोजू नयेतच. पण तीच वस्तू विकायला ठेवली की हिशोब बदलतो. समजा एका महिरपीला बारा तास लागले, सूत शंभर रुपयांचं आणि विक्री तीनशेला. तासाला सतरा रुपयेसुद्धा पडले नाहीत. विकणाऱ्या प्रत्येकीने गुंड्याच्या चिठ्ठीमागे तास लिहून ठेवावेत आणि सुताच्या किमतीत ते मिळवूनच भाव सांगावा. आणि प्रदर्शनात घासाघीस करणाऱ्यांनी आधी एवढंच विचारावं: "याला किती वेळ लागला?"