अकस्मात् उठणारी डोकेदुखी : थांबावें कीं धांवावें ?

वैशाखांत आमच्या खानदेशांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि त्या दिवसांत ज्याचें डोकें दुखलें नाहीं असा शेतकरी विरळा. ऊन, उपवास, जागरण, चुकलेला चहा, पडसें अशा कारणांनीं उठलेली डोकेदुखी सावली, पाणी व विश्रांति मिळतांच बहुधा उतरते. तिचें भय बाळगूं नये. परंतु ह्या नित्याच्या पाहुण्याच्या वेषांत क्वचित् दरोडेखोरही घरांत शिरतो. त्यास वेळींच कसें ओळखावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पहिली खूण वेगाची. साधें डोकें हळूहळू चढतें. मेंदूच्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटला म्हणजे वेदना मिनिटाभरांत शिगेस पोहोंचते. जन्मांत असें दुखलें नव्हतें, असें रोगी म्हणतो. बहुधा ओकारी होते, मान ताठते, भोंवळ येते. कित्येकदां मोठ्या रक्तस्रावापूर्वीं थोडें रक्त झिरपतें, जबर कळ येते आणि ओसरते. कळ ओसरली म्हणजे संकट टळलें, असें मानूं नये. एकदां फुटलेला फुगा पुन्हां फुटण्याचें भय पहिल्या २४ तासांत सर्वांत अधिक असतें.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं दुपारीं त्यांचें चित्र काढणें चाललें असतां मानेमागें भयंकर कळ उठली. ते बेशुद्ध झाले व कांहीं तासांतच मेंदूंतील रक्तस्रावानें वारले. त्यांचा रक्तदाब पूर्वींपासूनच फार वाढलेला होता, पण तो उतरविणारें खात्रीचें औषध त्या काळीं नव्हतें. आज तशा गोळ्या सरकारी दवाखान्यांतही मिळतात. म्हणून चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें रक्तदाब मोजवून घ्यावा, आणि बरें वाटतें म्हणून गोळी मनानें सोडूं नये.

डोकेदुखीबरोबर पुढील एकही गोष्ट दिसल्यास घरीं थांबूं नये :

१. तोंड वांकडें होणें, हातापायांतील शक्ति जाणें, बोबडी वळणें, दृष्टि अंधुक होणें किंवा एकाचीं दोन दिसणें.
२. ताप व ताठलेली मान. गुंगी, भ्रम किंवा झटके.
३. बैलगाडीवरून, झाडावरून वा मोटारसायकलवरून पडून डोक्यास मार लागणें. वृद्धांस व रक्त पातळ करणारी गोळी घेणारांस ह्याचा परिणाम कित्येक आठवड्यांनींही दिसतो.
४. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीस जोराची डोकेदुखी व डोळ्यांपुढें अंधारी.
५. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली व वाढत जाणारी डोकेदुखी.

शेतकऱ्यांसाठीं आणखी एक गोष्ट. कपाशीवर फवारा मारल्यानंतर डोकें दुखून घाम, लाळ व ओकाऱ्या सुरू झाल्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर तें ऊन नव्हे, विष होय. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. अशा वेळीं भिजलेले कपडे काढावे, अंग साबणानें धुवावें व औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गांठावा. तसेंच बंद जागेंत इंजिन चालूं असतां तेथील दोघांतिघांचें डोकें एकदम दुखूं लागलें, तर सर्वांनीं तत्काळ मोकळ्या हवेंत यावें व दवाखान्यांत जावें.

महसुलाच्या दप्तरांत मुदतीला फार महत्त्व असतें. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास १५ दिवस मिळतात; येथें मुदत तासांची असते. रक्ताच्या गुठळीनें आलेल्या पक्षाघातावर गुठळी विरघळविण्याचें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. पण रक्तस्राव असतां तेंच औषध घातक ठरतें. दोहोंतील भेद सीटी स्कॅन केल्यावांचून कळत नाहीं. फुगा फुटल्याचें रक्तही पहिल्या सहा तासांत काढलेल्या स्कॅनमध्यें जवळजवळ निश्चित दिसतें. पुढें तें ओळखणें अवघड होत जातें. म्हणून दुखणें किती वाजतां सुरू झालें, तें लागलीच कागदावर टिपावें. ती नोंद डॉक्टरांस फार उपयोगी पडते.

पहूरहून जळगांवची वाट सुमारें तासाभराची. सुंठेचा लेप, फडकें बांधणें, नजर उतरविणें ह्यांत दोन तास गेले तर ते परत येत नाहींत. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून विनामूल्य आहे. रोग्यास मोटारसायकलवर बसवूं नये. गुंगींत असल्यास कुशीवर निजवावें, तोंडांत पाणी घालूं नये. ॲस्पिरीनसारखी गोळी देऊं नये, कारण तिनें रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो.

अशा फुग्यास चिमटा लावून तो बंद करतां येतो, हें वॉल्टर डँडी ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९३७ सालीं करून दाखविलें. आज मांडींतील वा मनगटांतील रक्तवाहिनींतून बारीक तार नेऊनही तो बुजवितात. उपाय आहे, मात्र रोगी वेळेवर पोहोंचला पाहिजे. दवाखान्यांत जाऊन कांहींच निघालें नाहीं, तर एका दिवसाचा रोज बुडेल. घरीं थांबून निघालें, तर घरचा कर्ता पुरुष किंवा घरची लक्ष्मी जाईल. हा हिशेब कोणाही शेतकऱ्यास समजावून सांगावा लागूं नये.